घरचं साधं एग सॅलड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एग सॅलडबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण मेयोनीज आणि मसाल्याबद्दल विचारतात. पण सॅलड बिघडतं ते बहुधा त्याआधीच, अंडी उकडताना आणि गार करताना, म्हणून त्या भागाला जास्त जागा दिली आहे. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक कंसात दिला आहे.

१. एग सॅलड म्हणजे नक्की काय? यात पाला नाही, काकडी-टोमॅटो नाही, मग हे सॅलड कसं?

उकडलेली अंडी जाडसर कुस्करायची आणि त्यात मेयोनीज, किंचित मस्टर्ड (मोहरीचा तयार सॉस), मीठ, मिरपूड आणि दाताखाली कुरकुरीत लागेल असं काहीतरी कालवायचं. हे गारच खातात, बहुतेक वेळा ब्रेडमध्ये भरून. अमेरिकेत चिकन, टूना मासा किंवा बटाटा असाच मेयोनीजमध्ये कालवतात आणि त्यालाही सॅलडच म्हणतात.

हा पदार्थ रोजच्या जेवणात रुळला तो तयार मेयोनीजमुळे. आधी तेल थेंबथेंब घालत हातानं घोटत बसावं लागे. रिचर्ड हेलमन यांनी १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये खाण्याच्या पदार्थांचं दुकान काढलं आणि पुढच्या काही वर्षांत ते काचेच्या बरणीतून मेयोनीज विकू लागले. दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये यूजिनिया ड्यूक १९१७ साली जवळच्या लष्करी छावणीतल्या सैनिकांना सँडविचं विकत होत्या. लोकांना त्यांचं मेयोनीजच इतकं आवडलं की पुढे तेच त्यांचा मुख्य धंदा झालं.

२. चार जणांसाठी प्रमाण काय?

सहा अंडी, चार मोठे चमचे (साधारण ६० ग्रॅम) मेयोनीज, एक छोटा चमचा मस्टर्ड, दोन मोठे चमचे अगदी बारीक चिरलेली सेलरी किंवा कांदा, एक छोटा चमचा लिंबाचा रस, पाव छोटा चमचा मीठ आणि तेवढीच ताजी कुटलेली मिरपूड. एवढ्यात चार सँडविचं होतात.

मेयोनीज एकदम ओतू नका. आधी तीन चमचे घालून कालवा आणि गरज वाटली तरच चौथा घाला. हे प्रमाण दुकानातल्या नेहमीच्या अंड्यांचं आहे. गावठी अंडी लहान असतात, तेव्हा सहाऐवजी आठ घ्या.

३. अंडी नेमकी किती मिनिटं उकडायची?

उकळत्या पाण्यात सोडल्यापासून ११ मिनिटं. अंडी थेट फ्रीजमधली असोत वा बाहेरची, फरक फार तर अर्ध्या-एक मिनिटाचा पडतो.

पातेल्यात अंडी बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घ्या आणि ते खळखळून उकळू द्या. मग झाऱ्यावरून एकेक अंडं अलगद आत सोडा. आच थोडी कमी करा. पाणी हलतं राहिलं पाहिजे, पण अंडी एकमेकांवर आपटता कामा नयेत. दहा मिनिटांनी काढलं तर बलकाचा मध्य ओलसर राहतो, तसं अंडं नुसतं खायला छान लागतं. सॅलडसाठी मात्र बलक पूर्ण घट्ट झालेला हवा, म्हणजे तो कुस्करून मेयोनीजमध्ये विरघळतो आणि सगळं मिश्रण बांधून धरतो.

वेळ संपताच अंडी बर्फाच्या पाण्यात टाका आणि निदान पंधरा मिनिटं तिथेच ठेवा. ‘नळाखाली धरली तर चालेल का’ असं अनेक जण विचारतात. विदर्भात मे महिन्यात टाकीचं पाणीच कोमट येतं, त्यानं अंडं गार होत नाही आणि आतल्या आत शिजत राहतं. बर्फ हवाच.

४. सोलताना टरफलाबरोबर पांढरंही निघून येतं. काय चुकतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. दोष बहुतेक वेळा सोलणाऱ्या हाताचा नसतो. कारणं दोन असतात: अंडं फार ताजं असतं किंवा ते गार पाण्यात ठेवून तापवलेलं असतं.

नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच (आम्लता मोजण्याचं माप, जास्त म्हणजे आम्लता कमी) ७.६ च्या आसपास असतो. दिवस जातात तसा आतला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो आणि पीएच ९ च्या वर चढतो. ताज्या अंड्याचं पांढरं टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट धरतं, जुन्या अंड्याचं सुटं होतं. म्हणून ऑम्लेटला अगदी ताजी अंडी वापरा आणि सॅलडला आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेली.

दुसरं कारण तापवण्याच्या पद्धतीचं. अंडी गार पाण्यात ठेवून गॅस लावला तर पांढरं सावकाश तापतं आणि पापुद्र्याला चिकटूनच घट्ट होतं. उकळत्या पाण्यात सोडलं तर ते झटकन आखडतं आणि पापुद्र्यापासून सुटतं. अंडी कालच आणलेली असतील आणि थांबायला वेळ नसेल, तर एवढा एक बदलही पुरेसा फरक पाडतो.

सोलताना अंडं ओट्यावर टिचकवून हलक्या हातानं गोल फिरवा, म्हणजे टरफलाला सगळीकडे तडे जातील. मग बोथट टोकाकडून सुरुवात करा. तिथे हवेची पोकळी असते आणि पापुद्रा बोटात लगेच सापडतो. वाडग्यातल्या पाण्यात धरून सोललं तर पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि बारीक तुकडेही धुऊन जातात.

पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घालण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. एखादं अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं त्यानं लवकर गोठतं, हा त्याचा खरा उपयोग. सोलणं सोपं होईल या आशेनं घालू नका.

५. बलकाभोवती हिरवट-करडा थर आला. अंडं खराब आहे का?

नाही, खायला हरकत नाही. अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलं की पांढऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो बलकातल्या लोहाशी मिळतो आणि त्या सीमेवर लोहाचा सल्फाइड तयार होतो. त्याचाच तो रंग. आरोग्याला अपाय नाही, पण सॅलड मळकट दिसतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. वेळ पाळली आणि अंडी लगेच बर्फात टाकली (प्रश्न ३) तर हा थर येतच नाही.

६. कुकरमध्ये अंडी उकडता येतील का? मायक्रोवेव्हमध्ये?

कुकरमध्ये येतात, आणि वाफेवर शिजलेली अंडी सोलायलाही सोपी जातात. तळाशी पेलाभर पाणी, वर जाळी आणि जाळीवर अंडी. मध्यम आचेवर एक शिट्टी झाली की गॅस बंद करा, चार-पाच मिनिटांनी उरलेली वाफ सोडा आणि अंडी बर्फात टाका. कुकरचा आकार आणि आच यांप्रमाणे वेळ बदलतो, तेव्हा पहिल्यांदा एकच अंडं कापून पाहा. झाकण आपोआप पडेपर्यंत थांबलात तर हिरवा थर जवळपास नक्की.

मायक्रोवेव्हमध्ये टरफलासकट अंडं कधीही ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि अंडं फुटतं. सोललेलं उकडलेलं अंडं पुन्हा गरम करतानाही हेच होऊ शकतं, आणि कधी कधी ते बाहेर काढल्यावर, चमचा लागताच फुटतं. भाजण्याचा धोका खरा आहे.

७. कुस्करायचं कशानं आणि किती बारीक?

काट्यानं. मिक्सर नको, त्यात अंड्याचा चिकट लगदा होतो. मला सगळ्यात आवडते ती पद्धत अशी: अंडी अर्धी करून बलक वेगळे काढायचे, बलक मेयोनीज, मस्टर्ड आणि लिंबाबरोबर गुळगुळीत घोटायचे आणि पांढऱ्याचे वाटाण्याएवढे तुकडे करून त्यात हलक्या हातानं मिसळायचे. भांडं एक जास्त लागतं, पण प्रत्येक घासात मऊ आणि भरीव दोन्ही लागतं, आणि मेयोनीजही कमी पुरतं.

८. दुकानातलं व्हेज मेयोनीज चालेल का?

चालेल, पण चवीत फरक पडतो. भारतात मिळणारं बरंचसं मेयोनीज अंड्याशिवायचं असतं. त्यात तेल, पाणी, व्हिनेगर, साखर आणि घट्टपणासाठी स्टार्च असतो. वेष्टनावर हिरवा ठिपका असेल तर ते बिनअंड्याचं आणि तपकिरी त्रिकोण असेल तर अंड्याचं, एवढं पाहिलं तरी कळतं. बिनअंड्याचं मेयोनीज गोडसर असतं, म्हणून त्याच्या जोडीला लिंबाचा रस दुप्पट घाला आणि मस्टर्ड थोडं वाढवा. लसूण, तंदुरी किंवा पुदिन्याच्या चवीचं मेयोनीज साध्या एग सॅलडला घेऊ नका, अंड्याची चव त्याखाली पार दबते.

९. मेयोनीज घरी केलं तर?

चव उत्तम लागते, पण त्यात कच्चा बलक असतो आणि कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. आपल्याकडच्या हवेत हा धोका हलक्यात घेण्याजोगा नाही. अन्नातून विषबाधेच्या घटनांनंतर केरळनं जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणनं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली.

घरचंच हवं असेल तर उकडलेल्या बलकाचं करा. फ्रेंच स्वयंपाकात ग्रिबिश नावाचा सॉस याच तत्त्वावर होतो. दोन उकडलेले बलक, एक छोटा चमचा मस्टर्ड आणि एक मोठा चमचा व्हिनेगर एकजीव घोटा. मग सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड शेंगदाणा तेल पाच-सहा मोठे चमचे, सुरुवातीला थेंबथेंब आणि नंतर बारीक धारेनं घाला. घाण्याचं तेल नको, त्याचा वास वरचढ होतो. हे बाटलीतल्यासारखं घट्ट होत नाही, पण सॅलडला पुरेसं होतं आणि यात कच्चं काही उरत नाही.

१०. मेयोनीज अजिबात नको असेल तर काय घालू?

चक्का. दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये तीन-चार तास टांगा किंवा गाळणीवर ठेवा, आणि मेयोनीजएवढाच चक्का घ्या. त्यात एक छोटा चमचा तेल घातलं तर कोरडेपणा जातो. दह्यात आंबटपणा असतोच, म्हणून लिंबू वगळा. साधं दही मात्र घालू नका, तासाभरात वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं.

दुसरा मार्ग लोण्याचा: अंडी कोमट असतानाच मऊ लोण्यात कुस्करायची. हे ताबडतोब खायचं, कारण फ्रीजमध्ये ते दगडासारखं घट्ट होतं.

११. मस्टर्ड नाही. फोडणीची मोहरी वाटून घालू का?

घाला, पण निम्मी. लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी आपण मोहरी फेसतो, तीच पद्धत. मोहरी पाण्यात वाटली की तिच्यातला एक विकर (एन्झाइम) जागा होतो आणि नाकात जाणारा झणका तयार करतो. व्हिनेगरसारखा आंबट पदार्थ तो आवरतो. म्हणून एक चमचा मोहरी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा, चिमूटभर मीठ आणि हळद घालून वाटा आणि दुसऱ्या दिवशी वापरा. लगेच वापरली तर कडवट लागते. पिवळी मोहरी मिळाली तर ती जास्त सौम्य.

१२. सेलरी आमच्याकडे मिळत नाही.

सेलरी घालतात ती मुख्यतः कुरकुरीतपणासाठी. तिच्याऐवजी पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, कोबीचा जाड दांडा बारीक चिरून किंवा सिमला मिरची चालते. परदेशी कृतींत चाइव्ह्ज लिहिलेलं असेल तिथे कांद्याची हिरवी पात घ्या.

आणि डिल लिहिलेलं असेल तर शेपू. शेपूची भाजी पाहून नाक मुरडणाऱ्यांनाही मी हे आग्रहानं सांगते: अंडं आणि शेपू ही जोडी युरोप-अमेरिकेत जुनी आणि लाडकी आहे, आणि ती खरोखर जमते. फक्त आपला शेपू जास्त उग्र असतो. सहा अंड्यांना एक छोटा चमचा पुरे, तोही फक्त कोवळी पानं.

१३. सॅलडला पाणी सुटतं. कसं टाळायचं?

अंडी सोलल्यावर कापडानं कोरडी करा, बर्फाचं पाणी तसंच राहिलं तर ते मेयोनीज पातळ करतं. अंडी पूर्ण गार झाल्याशिवाय मेयोनीज घालू नका, उष्णतेनं ते फुटून तेल सुटतं. कच्चा कांदा मिठाशी आला की त्याला पाणी सुटतं, तेव्हा कांदा खायच्या थोडा आधी घाला किंवा चिरून मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्या. काकडी आणि टोमॅटो मिश्रणात घालूच नका, हवे तर सँडविचमध्ये वेगळे चकत्या करून ठेवा.

१४. चव सपक लागते. चाट मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर घालू का?

आधी मीठ आणि लिंबू तपासा. गार पदार्थात मीठ कमी जाणवतं, म्हणून कालवताना बरोबर वाटलेलं सॅलड फ्रीजमधून काढल्यावर अळणी लागतं. वाढताना पुन्हा चाखा. अर्धा तास मुरू दिलं तरी चव बरीच सुधारते.

त्यानंतरही हवी असेल तर एक हिरवी मिरची, बिया काढून. कोथिंबीरही चालते. चाट मसाला, लाल तिखट आणि कांदा-टोमॅटो सगळं एकत्र गेलं की तो उकडलेल्या अंड्याचा चाट होतो. तोही चांगलाच लागतो, पण मग मेयोनीज वाया घालवायची गरज उरत नाही.

१५. किती दिवस टिकतं? फ्रीझरमध्ये ठेवता येईल का?

झाकणबंद डब्यात, ४ अंशांच्या आसपास असलेल्या फ्रीजमध्ये तीन दिवस. वीज वारंवार जात असेल तर करा त्याच दिवशी संपवा. न सोललेली उकडलेली अंडी फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात, तेव्हा अंडी आधी उकडून ठेवणं आणि लागेल तसं कालवणं हे जास्त शहाणपणाचं. अंडं उकडलं की त्यावरचा नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो, म्हणून उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं.

फ्रीझरमध्ये नको. पांढरं रबरासारखं होतं, मेयोनीज फुटतं, आणि वितळल्यावर ते परत सावरत नाही.

१६. मुलांच्या डब्यात एग सॅलड सँडविच देऊ का?

थंड राहण्याची सोय असेल तरच. तयार एग सॅलड फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. सकाळी सातला भरलेला डबा साडेदहा-अकराच्या सुट्टीत उघडतो, म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. वरून वास आणि चव नेहमीसारखीच असू शकते, त्यामुळे चाखून पाहण्यात अर्थ नाही.

गोठवलेली आइस जेल पिशवी आणि इन्सुलेटेड डबा असेल, सॅलड रात्रभर फ्रीजमध्ये थंड झालेलं असेल, तर हरकत नाही. ‘मेयोनीजमुळेच बिघडतं ना, मग चक्का घालते’ हा उपाय लागू पडत नाही. बाटलीतलं मेयोनीज आम्लयुक्त असतं, दोषी सहसा ते नसतं. शिजलेलं अंडं, ते सोलणारे हात आणि चिरण्याची फळी यांतून जिवाणू येतात आणि उबेत वाढतात.

१७. ब्रेड कोणता? सँडविच भिजतं त्याचं काय?

ताजा, साधा पांढरा किंवा गव्हाचा स्लाइस ब्रेड. दोन्ही स्लाइसना आतून कडेपर्यंत लोणी लावा, त्या थरामुळे ओल ब्रेडमध्ये उतरत नाही. पाव वापरायचा तर आतून भाजून घ्या. सॅलड आणि ब्रेड वेगळे ठेवून खाताना भरणं सगळ्यात उत्तम.

अगदी साध्या सँडविचची थोरवी पाहायची असेल तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टाला होणारी मास्टर्स गोल्फ स्पर्धा पाहा. तिथे पांढऱ्या ब्रेडमधलं एग सॅलड सँडविच दीड डॉलरला मिळतं, आणि लोक त्याची वर्षभर आठवण काढतात.

१८. जपानी अंडा सँडविच इतकं मऊ आणि पिवळंधमक कसं?

तिथलं क्यूपी मेयोनीज १९२५ पासून बाजारात आहे आणि ते फक्त बलकांचं असतं, त्यात पांढरं नसतं. त्यामुळे रंग गडद आणि चव भरदार येते. शिवाय जपानी पद्धतीत सेलरी-कांदा नसतो, अंडं बरंच बारीक कुस्करतात, आणि ब्रेड दुधाचा, कडा कापलेला. घरी जवळपास पोचायचं असेल तर सहा अंड्यांना दोन उकडलेले बलक जास्तीचे घ्या आणि चिमूटभर साखर घाला.

१९. प्रोटीन किती मिळतं? वजन कमी करताना खाऊ का?

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन आणि ७० कॅलरी असतात. एक मोठा चमचा अंड्याचं मेयोनीज ९० ते १०० कॅलरींचं. प्रश्न २ मधल्या प्रमाणाचे चार वाटे केले तर एकेकात ९ ग्रॅम प्रोटीन आणि ब्रेड सोडून २०० कॅलरी येतात. निम्मं मेयोनीज आणि निम्मा चक्का घेतला तर कॅलरी बऱ्याच उतरतात आणि चव फारशी बदलत नाही.

२०. गरोदरपणात चालेल का?

बलक पूर्ण घट्ट शिजलेला, मेयोनीज कारखान्यात तयार झालेलं, बाटलीबंद, आणि सॅलड त्याच दिवशी घरी केलेलं असेल तर सहसा चालतं. कच्च्या अंड्याचं मेयोनीज आणि बाहेरचं उघड्यावर ठेवलेलं सॅलड टाळा. अंड्याची किंवा मोहरीची ॲलर्जी असेल, किंवा डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलं असेल, तर तेच पाळा.

२१. आम्ही उंचावर राहतो. अकरा मिनिटांत बलक कच्चा राहतो.

उंची वाढते तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांना उकळतं, लेहला ८८ च्या आसपास. महाबळेश्वरला किंवा अमेरिकेतल्या डेन्व्हरला एक-दीड मिनिट जास्त द्या. लेहसारख्या ठिकाणी तीन-चार मिनिटं वाढवा किंवा सरळ कुकर वापरा (प्रश्न ६).

२२. घरात एक जण अंडं खात नाही. त्याच्यासाठी असंच काही करता येईल का?

करता येतं. घट्ट टोफू किंवा पनीर काट्यानं कुस्करा, बिनअंड्याचं मेयोनीज (प्रश्न ८), मस्टर्ड आणि रंगासाठी चिमूटभर हळद घाला. साध्या मिठाऐवजी काळं मीठ वापरा. त्यातल्या गंधकाच्या वासामुळे उकडलेल्या अंड्याची आठवण येते, आणि जगभरचे व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच न वापरणारे) स्वयंपाकी त्यासाठीच ते वापरतात. वास लवकर उडतो, म्हणून काळं मीठ अगदी शेवटी, वाढायच्या आधी घाला. वाडगा, काटा आणि फळी मात्र वेगळी ठेवा.